कस्तुराच्या दाढेवरून

मी एक जिवाणू. मुक्काम कस्तुराच्या खालच्या डाव्या दाढेची मागची बाजू, महाळुंगे. एरवी मी तुमच्याशी बोललो नसतो, पण आज जीव टांगणीला लागलाय, म्हणून ऐकून घ्या.

आमच्यात म्हातारपण नाही. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. त्यामुळे 'मी' म्हटलं की माझ्या आधीचे सगळे त्यात आलेच. तीन वर्षांपूर्वी कस्तुरा बीडहून इथं आली आणि कंपनीत पॅकिंगला लागली, तेव्हा दाढ स्वच्छ होती आणि आम्ही मोजके होतो. सकाळी ब्रश फिरला की निम्मे वाहून जायचे. उरलेले गप्प बसायचे.

आम्ही बोलतो ते शब्दांनी नाही. प्रत्येक जण अंगातून कणभर द्रव्य सोडतो, तोच आमचा निरोप, आणि भोवती तो किती साचलाय ते चाखतो. कमी लागला तर समजायचं, आपण थोडे आहोत, निमूट राहा. कंपनीच्या गेटवर चार कामगार उभे असले तर सुपरवायझरला नमस्कार करून सरकतात, चारशे जमले की घोषणा सुरू होतात. आमचंही तसंच आहे.

मग पहिल्या शिफ्टची बस पकडायच्या घाईत ब्रश कसाबसा फिरू लागला. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं आणि कस्तुरा घाबरली. तिची मुलगी दीपमाला कॉलेजला जाते. तिला कस्तुरा म्हणाली, "रगत येतंय म्हून त्या बाजूला बरशच लावत न्हाई मी. मशेरी लावली की कसं गप पडतंय बघ."

मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. छोट्या डबीतून बोटावर घ्यायची आणि हिरडीवर चोळायची.

"आई, दुखणं गप पडतं गं, बरं नाही होत," दीपमाला म्हणाली. कस्तुरानं डबीचं झाकण लावलं आणि बस गाठली.

खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. ब्रश नाही, कटकट नाही. दाढेवर पिवळा थर चढला. पण मग हिरडीखालच्या फटीत हवा न सोसणारे, तापट स्वभावाचे जिवाणू येऊन राहिले. निरोप दाट होत गेला. हिरडी सुजली, तोंडाला वास सुटला, आतलं हाड झिजू लागलं. परवा भाकरीचा तुकडा चावताना दाढ हलली. दाढ पडली तर आम्ही राहायचं कुठं? हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि माझी लाज अशी की मीही माझं द्रव्य सोडतोच आहे. मला ते थांबवता येत नाही.

मंगळवारी कंपनीच्या कँटीनमध्ये दात तपासायचं शिबिर होतं. डॉक्टर तेजस्विनी यांनी आरसा आत घातला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, ही बाजू घासत नाही ना तुम्ही?"

"रगत बघितलं की हातपायच गळत्यात माझे, डॉक्टरबाई."

"घासत नाही, म्हणूनच रक्त येतंय. हाडानं अजून थोडं धरून ठेवलंय. रविवारी दवाखान्यात या, थर काढून देते. पण आजपासून हलक्या हातानं घासायचं आणि मशेरी बंद. सुरुवातीला रक्त येईल, तरी थांबायचं नाही. थांबलात तर ही दाढ जाईल आणि शेजारचीही."

तीन दिवस कस्तुरानं नुसत्या चुळा भरल्या.

आज सकाळी ती बेसिनपाशी उभी आहे. फळीवर एका बाजूला डबी, दुसऱ्या बाजूला ब्रश. दीपमाला दारात उभी आहे. कस्तुरानं ब्रश उचलला, डावीकडे वळवला. माझ्या शेजारचे दोन-तीनशे एका फटक्यात गेले. पुढची पाळी माझी आहे आणि मला भीती वाटतेय, का नाही वाटणार?

बेसिनमध्ये लाल थेंब पडला. तिचा हात थांबला. माझ्या भोवतीचा निरोप इतका दाट झालाय की श्वास कोंडावा.

कस्तुरा, हे रक्त ब्रशमुळे नाही गं, आमच्यामुळे आहे. मी गेलो तर जाऊ दे, दाढ राहू दे. तू हात मागं घेऊ नकोस.