शिल्लक हवा

“दादा होता तोवर खपून गेलं, वहिनी. आज हवा पुरली नाही, तर उद्यापासून किनाऱ्यावर बसून बाटल्या भरायच्या,” धाकटे दीर म्हणाले. पाणबुड्यांच्या टोळीचे मुकादम तेच. नात्याच्या जागी नातं, कामाच्या जागी काम.

“बघते, भाऊजी,” म्हणत तिने हवेची बाटली पाठीवर चढवली.

टोळीत तिला भाता म्हणत. जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडताना ती अशी काही धापा टाकायची, की इतरांचं निम्मं काम व्हायच्या आत हिची बाटली फस्त. जोडीला नवरा असायचा. तळहात खाली दाबत ‘सावकाश’ म्हणून खुणावायचा. ही ऐकेल तर शपथ! शेवटी ती गळ्यावर आडवा हात फिरवायची, हवा संपली, आणि तो छातीवर डावीकडे अडकवलेली जादा नळी तिच्या तोंडात द्यायचा. दोघं एकाच बाटलीवर वर यायची. संसारही साधारण तसाच चालला.

तो गेला तापाने, दवाखान्यात. ती रडली नाही, याचंच सगळ्यांना नवल.

आज जोडीला दीर होते. पातं सरकत होतं, शिंपले गळत होते. श्वास आपसूक येत होता, जात होता, लांबलचक. घाई नाही, भीती नाही, काहीच नाही. हवा दाखवणाऱ्या काट्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

काम आटोपलं. दिरांनी अंगठा वर केला, वर चला. तिचा हात गळ्यावर फिरला आणि त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला गेला. नळी उजवीकडे होती. दिरांनी घाईघाईने ती काढून तिच्या तोंडात दिली, दंड घट्ट धरला.

वर आल्यावर त्यांनी तिचा काटा पाहिला. “अहो, अर्धी बाटली शिल्लक आहे की! मग मागितलीत कशाला?”

पाण्याखाली खोटी खूण करणाऱ्याला मुकादम घरी बसवतो. तिला ते ठाऊक होतं.

“वर यायचं होतं ना,” ती म्हणाली.



“काय मुकादम, संपली का भात्याची हवा?” होडीतून कुणीतरी हसत ओरडलं.

“पुरली,” दीर म्हणाले. “पुरून उरली.”

दुसऱ्या दिवशी ती बाटली चढवून होडीच्या काठावर बसली. दिरांनी छातीवरची जादा नळी उजवीकडून सोडवली आणि डावीकडे अडकवली. एकदा ओढून पाहिली.

“चला, वहिनी,” ते म्हणाले.