लेकीची मापं

मी शिवणकामाची टेप बोलतेय. दुकानातून मला एका शिलाई करणाऱ्या बाईंनी आणलं. त्यांचा नवरा परगावी नोकरीला. घरात त्या आणि त्यांची लेक. तिला सगळे गुब्बू म्हणत. पोर गुणी, पण परीक्षेत एक गुण गेला तरी दिवसभर स्वतःवरच चिडणारी.

तेराव्या वर्षी तिचे कपडे तंग होऊ लागले. आई माप घेत असताना मावशी म्हणाली, "ताई, कापड जास्त आण गं, पुरायचं नाही!" शिवायला आलेल्या बायकाही हसल्या. गुब्बूही हसली, पण माझ्या वेढ्यात तिचा श्वास अडकलेला मला कळला.

नाचाच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं. पुढे तापात ती खंगली, तर शेजारीण म्हणाली, "काय छान बारीक झालीस!" बाईंनी लगेच पुढच्या रांगेत घेतलं.

त्याच सुमारास बाबांनी तिकडे दुसरं घर थाटल्याचं कळलं. त्यावर कुणी अवाक्षर काढेना. मग गुब्बू मला न्हाणीघरात नेऊन, कडी लावून कंबर मोजू लागली. आधी रोज एकदा, मग चार-चारदा. "मैत्रिणीकडे खाऊन आले," म्हणायची. आई तिचे झगे उसवून, आत घेऊन शिवत राहिली. गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, "चवळीची शेंग झालीय माझी पोर!"

एके दिवशी तालमीतच ती कोसळली.

"डॉक्टर, माझ्यामुळे झालं का हो?" दवाखान्यात आईने विचारलं.

"एकामुळे नाही होत हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोमणे, कौतुक, घरातलं दुःख, तिचा स्वभाव, सगळं साचत गेलं. हा हट्ट नाही, आजार आहे. आणि उशीर फार झालाय."

आई काम टाकून, शिवणाच्या पिशवीसकट धावली होती. मी तिच्या गळ्यातच राहिले होते. गुब्बूने काडीसारखा हात पुढे केला. "आई, एकदाच मोज ना."

आईने पिशवीतून कात्री काढली आणि माझे दोन तुकडे केले. "आता काही मोजायचं नाही, बाळा."

गुब्बूने तोंड फिरवलं.

मी आता खाटेखालच्या कचऱ्याच्या टोपलीत पडलेय. माणसांनो, लेकरांना चिडवताना, अगदी कौतुक करतानाही त्यांच्या अंगाचं माप काढू नका. कुणी ताटावरून उठून जात असेल, तर आजच जवळ बसून विचारा.

वर आई चमचा धरून बसलीय. "एक घास, बाळा... बरं, अर्धा."

गुब्बू भिंतीकडेच बघतेय.