पाइप पुरला तिथवर कृपा

साहेब, बंकटचा बाबा तुम्ही केलात.

उन्हाळ्यात तुमच्या खात्याचा टँकर आमच्या टेकडीच्या उतारावर काहीतरी फवारून गेला. काय, कशासाठी, कुणाला सांगितलं नाही. गावाला वाटलं, डासांचं औषध असेल. उघड्या टेकडीवर डास काय करतील, हे आम्हालाही सुचलं नाही. पण विचार करायचा पगार तुम्हाला मिळतो.

हाताने चुरगळणारा मुरूम थोड्याच दिवसांत दगडासारखा टणक झाला आणि त्यावर बंकट येऊन बसला. परवापर्यंत हा चौसाळ्यात मोबाईलला काचा बसवायचा. आता भगवी लुंगी, आणि म्हणे त्याच्या मंत्राने मातीचा दगड झाला. जीपा भरभरून लोक आले. बंकट मातीवर लिंबू पिळायचा, फस्सकन फेस यायचा.

"बघा! आत शेषनाग फुत्कारतोय! ह्या दगडाची खपली घरी न्या. मुतखडा विरघळंल, सून वळणावर यील, बोअरला पाणी लागंल!"

"आन् पोराची पोलीस भरती?"

"त्याला दोन खपल्या."

लोक खुरपी घेऊनच आले. सगळा उतार खरवडायला लागले. खाली सुभद्राबाईचं घर. दर पावसाळ्यात वरचा मुरूम घसरून तिच्या मागच्या भिंतीवर येतो. ती खालून ओरडत होती, "आरं मुडद्यांनो, कावून उकरताव? समदं माझ्या डोस्क्यावर यील की!"

"मावशी, तुमच्यावर तर देवाची सावली हाय," उपसरपंच रामकिसन खुरपं न थांबवता म्हणाला.

"मंग तूच ये की माझ्या घरात निजाया!"

शेवटी तिने शाळेतल्या स्वप्नाली मॅडमना गाठलं. मॅडमनी फोनवर फोन करून तुमच्या टँकरवाल्याला शोधलं आणि सगळं विचारून घेतलं. मग पिशवीत शहाबादी फरशीचा तुकडा घालून त्या टेकडीवर चढल्या. बंकटच्याच हातातलं लिंबू घेतलं, फरशीवर पिळलं. फस्स!

"बाबा, माझ्या ओट्यातपण शेषनाग?"

आधी बाया हसल्या. लिंबू सांडलं की शहाबादी ओटा खराब होतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

"आगं बया, माझ्या वट्यावर तर नागानं लई डाग पाडलेत!"

मॅडम म्हणाल्या, "दोन्हीत चुनखडी आहे. आंबट लागलं की तिच्यातून वायू निघतो, त्याचा हा फेस. टँकरमधून जिवाणू फवारले होते. सोबत युरिया आणि कॅल्शियमचा क्षार. जिवाणू युरिया फोडतात, मातीच्या कणाकणांत चुनखडी धरते, कण एकमेकांना चिकटतात. उतार वाहून जाऊ नये म्हणून हे केलं होतं. आणि तुम्ही तेच उकरून देव्हाऱ्यात नेताय!"

"मंत्रच हाय!" बंकट गरजला.

"मग त्या कोपऱ्यातला मुरूम अजून भुसभुशीत का?"

"ती... ती जागा अपवित्र हाय."

रामकिसनचं खुरपं थांबलं. "ए बे! ती माझ्या मालकीची जागा हाय!"

"तिथवर पाइप पुरला नाही, बाकी काही नाही," मॅडम म्हणाल्या. "देवाची कृपा पाइपाच्या लांबीएवढीच कशी हो, बाबा?"

बाबाने लुंगी खोचली. कपिलधारच्या देवस्थानाकडे निघालेल्या जीपला लोंबकळून तो गेला.

माझं गावाला सांगणं एवढंच: चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तोच प्रयोग दुसऱ्या दगडावर करून बघा. लिंबू फार महाग नसतं.

पण खरवडलेली खपली परत चिकटत नाही. दोनच सरी पडल्या आणि मुरूम सुभद्राबाईच्या चुलीपर्यंत आला. ती बीडला तुमच्या कचेरीत आली, फवारणी परत करा म्हणाली. टेबलामागच्या माणसाने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "मावशी, त्यातली एखादी खपली शिल्लक हाय का? घरी मुतखड्याचा लई तरास हाय."

तो माणूस कोण, ते सांगू नका साहेब. सुभद्राबाई चूल सोडून जावेच्या ओसरीत निजते आहे. उतार पुन्हा कधी बांधताय, ते सांगा.