ओसाड माळाचा फोटो

जरा बाजूला व्हा बरं. तुम्ही असे समोर उभे राहिलात की मला काही दिसत नाही, आणि काही दिसल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही. हं, आता ठीक.

मी एक लेन्स बोलतेय. लांबचं बघणारी. हातभर लांब, काळी, आणि वजनाला अशी की मला गळ्यात अडकवणाऱ्याची मान दुपारपर्यंत भरून येते. पार माळाच्या टोकाला झुडपात दडलेला ससा मी तुमच्या मांडीवर बसल्यासारखा दाखवते. जवळचं मात्र मला धूसर दिसतं. त्यामुळे घरात काय चाललंय ते मला आयुष्यभर ऐकूनच कळलं.

जन्म माझा जपानातला, पण खरं जगणं सुरू झालं ते हैदराबादेत, कोठीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात. एका मुक्या ग्रामोफोनशेजारी मी धूळ खात पडले होते. एक दिवस निलंग्याचा एक तरुण फोटोचे कागद न्यायला म्हणून त्या भागात आला आणि मला उचलून समोरच्या इमारतीवरचं कबूतर बघत बसला. दुकानदारानं दोनदा खाकरून बघितलं, तरी याचं कबूतर संपेना. तो चंद्रप्पा. निलंग्यात एसटी स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता. परतीच्या एसटीत त्यानं मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, तर शेजारची म्हातारी हळहळली, "बाळाला ताप हाय का रं? तोंड तर उघडं ठेव त्याचं!"

घरी त्याची बायको नागम्मा म्हणाली, "लग्नात हिचा काय उपयोग? नवरीचं नुसतं नाक येईल."

तिचं खरंच होतं. तरी चंद्रप्पा मला लग्नातही नेई, पिशवीत लपवून. एकदा ऐन अक्षता पडायच्या वेळी मांडवाच्या बांबूवर कोतवाल पक्षी येऊन बसला. लांब शेपटीचा, काळाभोर, तुकतुकीत. चंद्रप्पाचा हात आपोआप पिशवीत गेला. अल्बम आला तेव्हा त्यात वाजंत्रीवाले होते, आहेराची भांडी होती, कोतवाल तर अगदी झकास होता. फक्त अक्षतांचा फोटो नव्हता. नवरीच्या मामानं स्टुडिओत येऊन जो काही आवाज केला, तो समोरच्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांनी फुकटात ऐकला. शेवटी नवरा-नवरीला पुन्हा नटवून, पुन्हा अक्षता टाकून फोटो काढावा लागला. त्यात नवरा हसू दाबताना दिसतो.

रविवार मात्र आमचा होता. चंद्रप्पाबरोबर मी नांदेडकडे किनवटच्या सागाच्या जंगलात गेले, सहस्रकुंडच्या धबधब्यावर गेले. उन्हाळ्यात वनखात्याची माणसं पाणवठ्यांत टँकरनं पाणी सोडायची, ते आम्ही टिपलं. मुलांच्या सहली टिपल्या. सहलीत एक गोष्ट हमखास ठरलेली असे. गुरुजी सांगणार, "आवाज करू नका," आणि ते सांगायला स्वतःच ओरडणार. गावोगाव पोरं आम्हाला बघून पळत यायची, "चंद्रप्पाची तोफ आली!" एकदा तित्तर धरायला जाळं लावून बसलेले दोघे मला खरीच तोफ समजून जाळं टाकून पळाले. तो दिवस मी विसरत नाही. इतका मान मला कोणत्याच लग्नात मिळाला नाही.

माझ्यामागचे कॅमेरे बदलत गेले. रीळ गेलं, डिजिटल आलं. मग मोबाइल आला आणि जो तो स्वतःच फोटोग्राफर झाला. स्टुडिओत पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स उरली. चंद्रप्पाचे गुडघे कुरकुरू लागले. मी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी गेले. काचेच्या कडेला बुरशीचा एक धागा धरला. वाटलं, आता संपलं.

संपलं नाही, कारण एक जागा चंद्रप्पानं सोडली नव्हती. शिरूर अनंतपाळच्या वाटेवर एका गावाचा माळ आहे. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सगळे गाड्या घेऊन पोचाल. गुडघाभर गवत, थोडी बोरी-बाभळी, मध्ये मध्ये उघडा मुरूम. दर हिवाळ्यात चंद्रप्पा मला तिथे न्यायचाच. माळाचे इतक्या वर्षांचे फोटो त्याच्याकडे आहेत. जुन्यांत काळविटांचे कळप आहेत, अलीकडच्यांत एखादंच काळवीट. पण माळ आहे.

आणि याच माळावर चंद्रप्पाच्या नातीनं, शिवानीनं, झाडं लावायचं ठरवलं.

शिवानी लातूरला कॉलेजात शिकते. तिला सगळं आजच्या आज हवं असतं. मला ती पोरगी आवडते. मलाही लांबचं दिसतं आणि तिलाही. तिनं मित्रमैत्रिणी जमवून गट काढला, रोपं मिळवली, गावच्या सरपंच उमादेवींना भेटून माळ मागून घेतला. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी यंत्र येणार आणि अख्ख्या माळावर खड्डे काढणार.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे गावंच काय, लातूर शहरसुद्धा ओस पडतं. सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग आंबील, भज्जी, उंडे, खीर. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवायचं.

कपाटातून मी आजोबा-नातीचं भांडण ऐकलं.

"माळावर झाडं लावून राहिलीस, शिवा? तिथं गवतातले जीव हायत."

"अज्जा, ओसाड पडलाय तो माळ! उन्हाळ्यात तापमान बघता ना? तुम्ही आयुष्यभर नुसते फोटो काढलेत. आम्ही काहीतरी करतोय."

 चंद्रप्पाला बोलून पटवता कधी आलंच नाही. गिऱ्हाइकालासुद्धा तो "जरा हनुवटी वर" यापलीकडे काही बोलत नसे. थोड्या वेळानं कपाट उघडलं. शिवानीचा हात होता.

"तुमची तोफ नेते. झाडं लावायच्या आधीचा फोटो पाहिजे पोस्टरला. ओसाड माळाचा."

"ने," चंद्रप्पा म्हणाला. "फोकसचं कडं हातानं फिरवावं लागतं. घाई केलीस तर सगळं धूसर येईल."

तिच्या नव्या कॅमेऱ्यावर मध्ये एक जोडकडं लावून मला बसवलं, आणि तिचा मित्र सुदर्शन याच्या स्कूटरवरून आम्ही माळावर गेलो. खूप दिवसांनी ऊन बघितलं. मी इतकी खूश होते की कशासाठी आलोय तेच विसरले.

शिवानीनं मला रोखलं. कडं फिरवलं. चित्र स्पष्ट व्हायला आलं, तोच त्यातून काहीतरी तुरुतुरु पळालं.

"काढ की," सुदर्शन म्हणाला. "ऊन चढून राहिलंय."

"काढतेय रे. मध्येच पक्षी आला."

ती दुसरीकडे वळली. तिथे गवतातून दोन टोकदार कान वर आले होते. खोकड. कोल्ह्याचा धाकटा भाऊ म्हणा. त्यानं आमच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि तिथेच बसून राहिलं. ती तिसरीकडे वळली, तर कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली, अगदी फोटोच्या मधोमध.

"सुदर्शन, जरा पुढं जाऊन ओरडून ये ना. हे सगळे जातील तरी."

सुदर्शन गेला, टाळ्या वाजवल्या, हातवारे केले आणि परत आला. "न्हाई जात. घरमालकासारखे बघून राहिलेत माझ्याकडं. भाडं मागतील आता."

"मग नुसत्या मातीचा काढते. ती तर ओसाड हाय ना?"

तिनं लांबच्या उघड्या मुरमावर मला टेकवलं. सावकाश कडं फिरवलं. या वेळी घाई केली नाही. माती स्पष्ट झाली, आणि तिच्यातला एक तुकडा उठून पळाला. थांबला, ताठ उभा राहिला, पुन्हा पळाला. तो धाविक पक्षी होता, मातीच्याच रंगाचा, डोळ्यांवर पांढरी रेघ ओढलेला. त्याच्यामागे मातीचे आणखी तुकडे पळाले.

शिवानीनं डोळा बाजूला केला आणि नुसत्या डोळ्यांनी माळाकडे बघितलं. पुन्हा माझ्यातून बघितलं. असं तिनं बऱ्याच वेळा केलं. मला धूसर होऊन तिचं काम सोपं करता आलं असतं. पण एवढी वर्षं मी कुणासाठी खोटं दाखवलं नाही, नवरीच्या मामासाठीही नाही.

संध्याकाळपर्यंत तिनं ढीगभर फोटो काढले. ओसाड माळाचा एकही निघाला नाही.

घरी चंद्रप्पानं विचारलं, "आले का चांगले?"

"एकही कामाचा न्हाई. तुमचे पाहुणे मध्ये मध्ये येऊन राहिले." मग ती जोरात म्हणाली, "मला आधी का न्हाई दाखवलंत?"

"लहानपणी आणलं होतं की तुला. तू बिस्किट मागत होतीस."

ती हसली नाही. "आता काय करू अज्जा? सरपंचांना शब्द दिलाय. सगळा गट तयार हाय. मीच झाडं लावा म्हणाले, आता मीच नको म्हणू? लोक हसतील."

"हसू दे की," नागम्मा आतून म्हणाली. "तुझ्या अज्जाला सारा निलंगा हसला. काय बिघडलं त्याचं? पोटच सुटलं."

येळवशीला आम्ही सगळे उमादेवींच्या रानात होतो. त्यांचं रान माळाला लागूनच. खड्ड्यांचं यंत्र बांधावर येऊन उभंही राहिलं होतं, आणि त्याचा चालक पंगतीत आंबील पीत होता. शिवानी उंडा हातात धरून यंत्राकडेच बघत होती. पंगत उठायच्या आत ती उभी राहिली.

"मावशी, माळावर खड्डे नकोत. माझी चूक झाली."

 मग कुणीतरी म्हणालं, "झाडं नको म्हणणारी शिकलेली पोरगी पहिल्यांदाच बघितली ब्वा."

"अगं, तूच आली होतीस ना हात जोडत?" उमादेवी म्हणाल्या. "यंत्र दारात आणून ठेवलंस आणि आता लग्न मोडतीस?"

सुदर्शनलाही ते नवीनच होतं. "शिवा, गटाला आधी सांगायचंस तरी!"

"सांगायला धीर झाला नाही," ती म्हणाली आणि मग भाषणच सुरू केलं. परिसंस्था, जैवविविधता, हवामान. सगळं खरं होतं, पण लोक भज्जी खाऊन जड झाले होते. दोघे-तिघे कडब्याला टेकून घोरायला लागले. शिवानी वाक्याच्या मध्येच थांबली. तिनं मला कडब्याच्या पेंढीवर टेकवलं, चंद्रप्पाला म्हणाली, "अज्जा, कडं तुम्ही फिरवा," आणि उमादेवींना हात धरून माझ्यामागे बसवलं.

ऊन कलत आलं होतं. माळावर एक मोठा पक्षी आला, गवताच्या अगदी वरून, पंख उचलून तरंगत. मग दुसरा. मग चारी बाजूंनी येऊ लागले आणि घिरट्या घालत एकेक गवतात उतरू लागले.

"घारी हायत," उमादेवी म्हणाल्या.

"भोवत्या म्हणतात त्यांना," कडं फिरवत चंद्रप्पा म्हणाला. " हिमालयाच्या पल्याडून येतात, दर हिवाळ्यात."

"एवढ्या लांबून? आपल्या माळावर?"

"झोपायला. झाडावर न्हाई झोपत ते, गवतातच झोपतात. दिवसभर तुमच्या तुरी-हरभऱ्यातले नाकतोडे खातात."

उमादेवी डोळा न काढता बघत राहिल्या. मागचे जागे झाले, रांग लागली, "मला बघू दे की" सुरू झालं. चंद्रप्पा प्रत्येकासाठी माझं कडं थोडं थोडं फिरवत होता. चित्र एकदाही धूसर झालं नाही.

शेवटी उमादेवी उठल्या आणि यंत्राच्या चालकाला म्हणाल्या, "बाबा, उद्या शाळेच्या वाटेला खड्डे काढ. अन् स्मशानभूमीला. तिथं सावली न्हाई. माळाचं बघू ग्रामसभेत."

"म्हणजे पाखरांसाठी माळ सोडायचा?" कुणीतरी टोमणा मारला. "मतदान कार्ड बी द्या त्यांना, सरपंचबाई!"

"तुझ्यापेक्षा बरे हायत ते. दिवस मावळला की घरी येतात." पंगत हसली. मग त्या म्हणाल्या, "आज येळवस हाय. आजच्या दिवशी रानात आलेल्या पाहुण्याला उठ म्हणत न्हाईत. मी तर न्हाई म्हणणार."

ग्रामसभेनं माळ गवताचाच ठेवला. यंदापुरता. पुढच्या सभेत काय होईल ते कुणी सांगावं? शिवानी प्रत्येक सभेला जाणार आहे. ती भाषण आवरतं घ्यायला शिकतेय, ते अजून नीट जमत नाही. शाळेच्या वाटेवरची तिची रोपं मात्र छान धरलीत. सुदर्शन आठवडाभर रुसला होता. आता तो दर रविवारी माळावर येतो आणि धाविकाचे अतिशय धूसर फोटो काढतो.

मी म्हातारी झाले. बुरशीचा धागा वाढलाय, कडं मध्येच अडतं. चंद्रप्पाला मला उचलवत नाही आणि शिवानीला सावकाशपणा जमत नाही. म्हणून ती मला धरते आणि तो कडं फिरवतो. दोघांचा मिळून एक बरा फोटोग्राफर होतो.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावाबाहेरही असा एखादा माळ असेल, ज्याला सगळे ओसाड म्हणतात. त्याचं काही भलं करायला जाण्याआधी तिथे एक दिवस बसा आणि त्याचा ओसाड फोटो काढून दाखवा. निघालाच, तर खुशाल खड्डे खणा.

आणि मला कळवा. मला अजून तसा एकही मिळालेला नाही.