टेबलाच्या एकाच बाजूला

जाहिरातींच्या स्टुडिओत नोकरीला लागली तेव्हा तिला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी दोन वर्षांत तिला तयार केलं. "फोटो बघू नकोस, वाच," ते म्हणायचे. "काय दाखवलंय ते गिऱ्हाईक बघतं. काय लपवलंय ते आपण बघायचं." कपातली वाफ चहाची नसते, मागे ठेवलेल्या गरम ओल्या कापसाची असते. घराच्या जाहिरातीत जोडपं खिडकीला खेटून उभं असतं, कारण खोलीत तिसऱ्याला जागाच नसते. मग काय, बाईसाहेब भाजी आणायला गेल्या तरी वाटेतल्या प्रत्येक फलकाचे वाभाडे काढल्याशिवाय घरी परतेनात.

घरी दोघंच, ती आणि बाबा. एका रविवारी बाबांनी तिच्यापुढे वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक ठेवलं. सोबत भरलेला अर्ज. त्यांची सही तेवढी राहिली होती, आणि उद्या तिथला माणूस तो न्यायला येणार होता.

बाबा जायला नको होते, एवढंच तिला कळत होतं. रडून उपयोग नव्हता, तेव्हा तिने पिशवीतून भिंग काढलं.

"बाबा, हे बघा. या फोटोत चौघंही टेबलाच्या एकाच बाजूला बसलेत. असं कुणी बसतं का? समोर कॅमेरा आहे म्हणून! वाफ कापसाची. या आजोबांच्या बुटाला दुकानाची चिठ्ठी तशीच आहे, म्हणजे बूट उसने. आणि बाहेर जायचं दार एकाही फोटोत नाही. का नाही, विचारा की!"

बाबांनी डोळ्याला भिंग लावून सगळं नीट पाहिलं. लेकीच्या हुशारीचं त्यांना भारी कौतुक.

"कमाल आहे तुझी," ते म्हणाले. "मला यातलं काहीच दिसलं नव्हतं बघ."

"मग काय दिसलं तुम्हाला?"

"चौघं मिळून चहा पितायत."

तिने त्यांच्या हातून भिंग घेऊन तो फोटो पुन्हा पाहिला.

"तुझी तक्रार नाही गं," बाबा घाईघाईने म्हणाले. "सकाळी सगळं करून जातेस. काही कमी पडत नाही. फक्त दिवस सरत नाही, पोरी."

तिने भिंग खाली ठेवलं. या घरात बाबांबरोबर आपण शेवटचा चहा कधी घेतला, ते तिला काही केल्या आठवेना.