इंजिनवरचा हात

"तात्या, काटा लाल पट्टीत गेलाय," सिस्टर म्हणाली.

तात्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी डावा तळहात इंजिनच्या डोक्यावर ठेवला आणि मनात दहापर्यंत मोजलं. वरचं झाकण कधीच फुटून गेलेलं, त्यामुळे धातू उघडाच होता. दहा झाले तरी हात जागचा हलला नाही.

"कोमट आहे. त्या काट्याला काय कळतंय?"

बोटीच्या तळाशी गादीवर बेटावरचा वायरमन पडला होता. सकाळी खांबावरून उतरता उतरता त्याच्या छातीत कळ आली होती. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पलीकडच्या काठावरचा दवाखाना अजून अर्ध्या तासावर होता. निघताना सिस्टरने तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, तासाभरात पोचलो तर माणूस हाताला लागेल.

तात्या तेवीस वर्षं हे एकच इंजिन चालवत होते. हात दहापर्यंत टिकला तर ठीक, पाचाला काढावा लागला तर वेग कमी, टेकवताच मागे आला तर सरळ बंद. या हिशेबावर इंजिनाने एकदाही दगा दिला नव्हता, आणि ते चारचौघांत सांगायचा तात्यांना कधी कंटाळा नव्हता. मागच्या वर्षी थोरल्या मुलीने तापमानाचा काटा आणून बसवला, तेव्हा पाहुण्याने स्वयंपाकघरात शिरून डबे उघडावेत तसा त्यांचा चेहरा झाला होता. गेल्या महिन्यात काटा तीनदा लाल झाला आणि तिन्ही वेळा तात्यांनी हात लावून त्याला खोटं पाडलं.

एक गोष्ट मात्र ते कोणाला सांगत नसत. साखर निघाल्यापासून त्यांच्या तळपायांना मुंग्या येत. पुढे पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. परवा ते एकाच चपलेवर घरी आले. दुसरी कुठे गळाली, पत्ताच नाही. "उद्या डोकं विसरून याल," बायको म्हणाली, आणि दोघंही हसले. पाय म्हातारे झाले असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. हातांचा विचार त्यांनी केला नाही, कारण तो करवत नव्हता.

"तात्या, पाणीसुद्धा नीट पडत नाहीये," सिस्टर पुन्हा म्हणाली.

इंजिनाला गार करून बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार आता थेंबाथेंबावर आली होती. पण त्या भोकात कचरा अडकणं नेहमीचंच. तात्यांनी परत हात ठेवला. एक, दोन, तीन.

"काहीतरी जळतंय."

"तेल असेल."

सात. आठ. सिस्टरने वाकून पाहिलं आणि त्यांचं मनगट धरून खेचलं. तळहाताची कातडी इंजिनावरच राहिली. तात्या त्या हाताकडे बघत असतानाच इंजिन करकरलं आणि थांबलं.

त्यांनी इंजिन चालू करायची दोरी ओढली, ती हलेना. खाली पाणी आत ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बसली होती. वेळीच थांबले असते, तर दोन मिनिटांचं काम होतं.

तात्या वल्ही मारत राहिले. "आलं का?" वायरमनने एकदा विचारलं. "आलंच," बायको म्हणाली. धक्का दिसू लागला तेव्हा त्याचा श्वास थांबला. बोट काठाला लागेपर्यंत सिस्टर त्याची छाती दाबत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. सिस्टरने तात्यांच्या हाताला बँडेज बांधलं. वायरमनची बायको व्हरांड्यात उभी होती.

"इंजिनाला काय झालं होतं?" तिने विचारलं.

"जुनं होतं हो ते," सिस्टर म्हणाली.

"नाही," तात्या म्हणाले. "काटा बरोबर सांगत होता. सिस्टरही सांगत होत्या. माझ्या हाताला कळलं नाही, आणि मी ऐकलं नाही."

ती म्हणाली, "निघताना हे मला म्हणाले, तात्यांची बोट आहे, काळजी करू नको."

तात्यांना तिथेच खाली बसावंसं वाटलं. ते उभे राहिले.

दुसरी बोट उद्या सकाळी मिळणार होती. वायरमनच्या बायकोला थांबायचं नव्हतं. घरी मुलं वाट बघत होती. शेवटी वायरमनला तात्यांच्याच बोटीत, त्याच गादीवर ठेवलं. एक वल्हं सिस्टरने घेतलं, एक तात्यांनी.

निम्म्या वाटेवर तात्यांचं बँडेज सुटून लोंबू लागलं. वल्ह्याचा दांडा ओला लाल झाला होता. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. वायरमनची बायको उठली, त्यांच्या पुढ्यात येऊन बसली आणि त्यांचा हात ओढून घेऊन पट्टी पुन्हा गुंडाळू लागली.

"फार आवळलं का?"

तात्यांनी हाताकडे पाहिलं.

"कळत नाही गं," ते म्हणाले.

तिने आपल्या अंदाजाने गाठ थोडी सैल केली.