सकाळची गोळी

विमलताईंचा स्वभावच असा, की दूधवाल्यानं माप भरून वर धार सोडली तरी त्या म्हणणार, "आज लय उदार झाला, पाणी जास्त टाकलं वाटते." पुसदच्या त्यांच्या गल्लीत त्यांना फसवणारा अजून जन्मला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान! त्यामुळे माहेरपणाला आलेल्या लेकीच्या, रुपालीच्या दंडावर निळे डाग दिसले, तेव्हा त्यांनी दुसरा विचार केलाच नाही.

"जवाई हात उचलते काय वं?"

"नाई वो आई. लागलं असन कुठं."

"कुठं लागलं ते आठवत नाई, पण नवऱ्यानं मारलं नाई हे बरं आठवते!"

यवतमाळच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं. रुपालीचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट परक्या समजून मारून टाकत होतं, म्हणून साध्या धक्क्यानंही कातडीखाली रक्त साकळत होतं. आजार जुनाट, वर्षानुवर्षं सांभाळायचा. आपल्याच माणसांना शत्रू समजणारं रक्त! विमलताईंना त्यात काही विशेष वाटलं नाही.

आधीच्या औषधांनी गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी नवी गोळी दिली. हाडांच्या आतल्या मगजाला 'प्लेटलेट बनव' असा निरोप देणारं एक हार्मोन असतं. ही गोळी त्याच हार्मोनचं काम करते, असं त्यांनी सांगितलं. रुपाली तेव्हा आत तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती आणि विमलताई पुसदला. गोळी कशी द्यायची ते ऐकून घेतलं तिच्या सासूनं, प्रभावतीबाईंनी.

महिन्याभरानं प्लेटलेट बारा हजारांवरून एकतीस हजारांवर आल्या. डॉक्टर खूश. विमलताईंनी जावयाला फोनवरच विचारलं, "चांगल्या माणसाच्या दीड लाख असतात ना? मंग हिच्या काहून नाई?" त्यांचा संशय पक्का झाला. गोळ्या महाग, आणि सून म्हणजे परक्याची पोर. प्रभावतीबाई एक दिवस देत असणार, दोन दिवस दडवत असणार.

त्या तडक कळंबला, रुपालीच्या सासरी गेल्या आणि लेकीची बॅग भरली. रुपालीचा नवरा रवी काही बोलला नाही. आता गप्प राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं, हे विमलताईंना कोणी सांगायला नको होतं. प्रभावतीबाई दारापर्यंत आल्या.

"इनबाई, ते गोयी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासंगं..."

"मले नका शिकवू. पोर माही हाय."

पुसदला पहिल्याच सकाळी विमलताईंनी गोळीबरोबर बदाम घातलेलं पेलाभर दूध पुढं केलं. रुपाली थबकली. "आत्याबाई पाण्यासंगंच देत जात. डॉक्टरनं तसं सांगितलं म्हनत."

"डॉक्टरनं तुले सांगितलं का सासूनं? दारात दोन म्हशी, अन् सुनेले कोरडं पाणी! एवढी गरम दवाई दुधाबिगर घेतली त पोटात आग नाई होणार?"

हे त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या. कडक औषध दुधाबरोबरच द्यायचं, नाहीतर ते अंगात उष्णता करतं. त्या रोज स्वतः समोर बसत आणि पेला रिकामा होईपर्यंत हलत नसत. एवढ्या मायेनं त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल, हे मात्र खरं.

तिसऱ्या आठवड्यात रुपालीच्या पायांवर लाल बारीक ठिपके उठले. मग दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना. विमलताईंनी रवीला फोन लावला. "नकली गोया आणून देल्या न तुम्ही? माह्या पोरीले काही झालं त तुमाले सोडणार नाई!"

यवतमाळच्या दवाखान्यात दोन्ही घरं समोरासमोर आली. प्लेटलेट सहा हजार. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रुपालीला लगेच भरती करून घेतलं. विमलताईंनी गोळ्यांचं पाकीट टेबलावर आपटलं. "हे तपासा आधी."

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "गोळ्या बरोबर आहेत. कशाबरोबर देता?"

"दुधासंगं. आमच्या घरी दुधाची कमी नाई," विमलताई प्रभावतीबाईंकडे पाहत म्हणाल्या.

डॉक्टरांनी पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाले, "दुधातलं कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं. ती रक्तात जातच नाही. मगजाला निरोप मिळालाच नाही, आई. इतके दिवस तिला औषध मिळालं नाही असंच समजा."

रवी खाली पाहत राहिला. प्रभावतीबाईही. त्यांच्यापैकी कोणी एक बोल जरी लावला असता तर विमलताईंना भांडता आलं असतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणावर संशय घ्यावा ते कळेना, आणि छातीत नुसती भीती उरली.

सलाइन, सुया, नाकातलं रक्त थांबवायला कापूस. रात्र कशीबशी सरली. सकाळी प्रभावतीबाईंनी पेल्यात पाणी ओतलं, गोळी काढली आणि विमलताईंच्या हातावर ठेवली. "द्या तुम्हीच. आईच्या हातची लवकर लागू पडते."

विमलताईंचे डोळे भरून आले. त्यांनी लेकीच्या मानेखाली हात घातला, गोळी तिच्या ओठांजवळ नेली.

रुपालीनं तोंड उघडलं नाही. तिनं आईच्या हातातली गोळी पाहिली, पेला पाहिला, आणि मान वळवून सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, बरोबर हाय ना?"